चिटणीसबाईंचा आकडा

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मी कालद्वीपात शिरले तेव्हा माझ्या डोक्यावर चौदाचा आकडा होता, आणि तो सव्वीस जणांनी पाहिला.

कालद्वीप हा खेळ आहे. घरी डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर पट्टी चढवून बसायचं आणि तिकडे डोंगर चढायचे, राक्षस मारायचे, खजिने लुटायचे. लाखो लोक एकाच वेळी खेळत असतात. एकट्यादुकट्यानं तिथे काही जमत नाही, टोळी लागते. आमच्या टोळीचं नाव उल्का मित्रमंडळ. तीत मी मांत्रिक आहे, नाव विद्युल्लता, वय तीनशे वर्षं, केस गुडघ्यापर्यंत. बाहेर मी ऋजुता बेहेरे, वय सेहेचाळीस, रत्नागिरीत चष्म्याचं दुकान. केसांबद्दल न बोललेलं बरं.

आकड्याची भानगड गेल्या वर्षी सुरू झाली. एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ वाटणं ही मेंदूत दोन वेगळी कामं आहेत, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. श्रीखंड जिभेवर असताना वाटतं ते आवडणं. फडक्यात टांगलेला चक्का दिसल्यावर वाटते ती ओढ. ही ओढ डोपामिन नावाच्या रसायनाच्या जोरावर चालते आणि ते रसायन मोठं लबाड आहे. पुढे काय मिळणार हे पक्कं ठाऊक झालं की त्याची उसळी कमी कमी होत जाते. तोच डोंगर चढून तोच राक्षस चारशे वेळा मारला की मेंदू म्हणतो, कळलं, पुढे बोला. यात नवीन एवढंच होतं, की ओढ लागते त्या क्षणी मेंदूत उठणारी बारीक लहर आता कपाळावरच्या पट्टीनं मोजता येऊ लागली. खेळाच्या कंपनीनं लगेच तिचा शंभरपैकी आकडा काढून प्रत्येकाच्या डोक्यावर लटकवला. खेळात शिरताना एकदा मोजायचा आणि बाहेर पडेपर्यंत तोच मिरवायचा. ज्याच्या भरवशावर राक्षसाच्या तोंडात जायचं त्याची ओढ किती हे सोबत्यांना कळायला हवं, असं कंपनीचं म्हणणं. आपल्याला कंटाळा आलाय हे लपवायची माणसाची जुनी सोय त्या दिवशी गेली.

"चिटणीसबाई," अध्यक्षांनी विचारलं, "आपल्या डोक्यावर चौदा दिसतंय. पट्टी सैल आहे का?"

अध्यक्ष म्हणजे सदानंद मोकाशी, नाशिक. खेळात नऊ फुटी परशुधारी दैत्य, बाहेर पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी टोळीला रीतसर घटना दिली होती. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय आमच्यात कोणी तलवार उपसत नसे. धूमकंठ नावाचा नाग गुहेत आग ओकत वाट बघतोय आणि आम्ही गुहेच्या तोंडाशी गोल बसून 'मागील सभेस अनुपस्थित सदस्यांची नावे' ऐकतोय, असं चौदा वर्षं चाललं होतं. वाचणारी मी. मला बारा मिनिटं लागत.

"पट्टी घट्ट आहे, साहेब," मी म्हटलं. "ओढच सैल झाली आहे. मी राजीनामा देते."

आपल्याकडे कुठल्याही मंडळात चिटणिसानं राजीनामा दिला की तो मंजूर होत नाही. ते काम दुसऱ्या कोणाला नको असतं, म्हणून सगळ्यांना त्याच्याबद्दल एकाएकी आदर वाटू लागतो. मांत्रिक, धनुर्धर, दोन बुटके आणि एक अर्धा लांडगा असे सगळे उठून माझ्या कार्याचा गौरव करू लागले. शेवटी माझा उत्साह वाढवण्यासाठी उपसमिती नेमायचं ठरलं. तिचं लेखनकाम असणार, म्हणून निमंत्रक मलाच केलं.

गौरवात एकटी प्रणिता बोलली नाही.

प्रणिता तायडे अकोल्याला शाळेत गणित शिकवते. खेळात ती आमची ढालकरी. राक्षसासमोर ती उभी राहणार, तिच्या पाठीआडून मी वीज फेकणार, ही आमची चौदा वर्षांची रीत. तिच्या डोक्यावर कधीही बघा, अठ्ठ्याऐंशी. आम्ही प्रत्यक्ष भेटलो नव्हतो. एकदा तिच्या वाढदिवसाला मी फोन केला होता. "जेवलीस का?" झालं, "पाऊस आहे का?" झालं, मग दोघी गप्प. तिसऱ्या मिनिटाला तिनं विचारलं, "बुधवारी येऊन राह्यली ना?" आणि दोघींनी सुटल्यासारखा फोन ठेवला. पण खेळात राक्षस मरता मरता आम्ही काय नाही बोललो? तिचे वडील गेले तेव्हा आम्ही दोघी एका बर्फाच्या डोंगरावर तीन तास बसलो होतो आणि मी अधूनमधून लांडग्यांवर वीज टाकत होते.

तेव्हा खेळ सोडायला माझी काहीच हरकत नव्हती. खेळ सोडला की प्रणिता सुटेल, ही भीती होती. रिकाम्या हातांनी आम्हाला एकमेकींशी बोलताच येत नाही, असं मला वाटत होतं.

सभेनंतर ती एकटीच माझ्यापाशी आली. "काऊन ओ, चौदा? माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार? दुकानात काम फार आहे."

मी चक्क खोटं बोलले आणि त्याच आठवड्यात चेतना मागवली.

चेतना म्हणजे पट्टीला जोडायचा बिस्किटाएवढा भाग. तो कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूत खोलवर एका बिंदूवर रोखतो आणि झोपलेल्या ओढीला बारा मिनिटं गदागदा हलवतो. दुखत नाही, खुपत नाही. त्या बारा मिनिटांत जे डोळ्यांसमोर आणि कानांवर असेल त्याच्याशी ती जागी झालेली ओढ बांधली जाते. म्हणून माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की या वेळात फक्त खेळातली प्रिय दृश्यं पाहावीत. ते मी वाचलं, पण नंतर.

"आवडत नाही तर सोड ना," माझा नवरा श्रीरंग म्हणाला. "मी बॅडमिंटन सोडलं तेव्हा डोक्याला काही जोडून घेतलं नव्हतं."

"तुझ्या बॅडमिंटनमध्ये प्रणिता नव्हती."

"नव्हती. देसाई होता. त्याच्यामुळेच सोडलं."

रविवारी चारला मी खेळात शिरले. शिरताना चौदाच होते. म्हटलं, इतिवृत्त वाचायला बारा मिनिटं लागतात, चेतनालाही बारा लागतात, वेळ कशाला फुकट घालवा? बटण दाबलं आणि वाचायला लागले. चौथ्या मिनिटाला मला काहीतरी होऊ लागलं. 'विषय क्रमांक तीन' म्हणताना घसा दाटून आला. 'सूचक' आणि 'अनुमोदक' या शब्दांत इतका गोडवा आहे हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं. 'ठराव सर्वानुमते संमत' इथे पोचले तेव्हा तर अंगावर काटा आला. वाचन संपलं, सगळे आरोळ्या ठोकत गुहेत धावले आणि मला कोणीतरी पुढ्यातलं ताट उचलून नेल्यागत वाटलं.

घरी पत्रक काढून वाचलं. मग कपाळावर हात मारला, तो पट्टीला लागला.

बुधवारी पट्टी चढवताना पोटात फुलपाखरं उडत होती. नवं इतिवृत्त वाचायचं होतं ना. डोक्यावर ब्याण्णव आले. टोळीनं जल्लोष केला. प्रणितानं ढालीवर तलवार आपटून आपटून गुहा दणाणून सोडली आणि म्हणाली, "मले माहीत होतं तू वापस येशील." आता हिला काय सांगायचं, की ही ओढ तुझीही नाही आणि नागाचीही नाही, ती अनुपस्थित सदस्यांच्या यादीची आहे? मी नुसती हसले.

माझं वाचन बारा मिनिटांवरून पंचवीसवर गेलं, मग चाळीसवर. कोणी कुठल्या हातानं वार केला, तेही मी नोंदवू लागले. मोकाशीसाहेब भारावले. त्यांचा स्वतःचा आकडा साठावर घसरला होता. त्यांनी सभेत ठराव मांडला, की चिटणीसबाईंच्या उदाहरणावरून सर्व सदस्यांनी चेतना घ्यावी, आणि वेळेची बचत व्हावी म्हणून ती इतिवृत्त वाचनाच्या वेळीच घ्यावी.

इथे मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर माझे ब्याण्णव कशाचे हेही सांगावं लागलं असतं. मी मान खाली घालून ठराव लिहून घेतला आणि खरं सांगते, लिहिताना मजा आली.

पुढच्या दोन महिन्यांत उल्का मित्रमंडळानं एकही राक्षस मारला नाही. सव्वीस जणांनी चेतना घेतली होती आणि सगळ्यांच्या डोक्यांवर नव्वदच्या पुढचे आकडे झळकत होते. कालद्वीपातली सर्वांत उत्साही टोळी म्हणून कंपनीनं आमच्या गुहेवर सोन्याचा झेंडा लावला. गुहेत आम्ही घटनादुरुस्ती करत होतो. अर्ध्या लांडग्यानं गणपूर्तीच्या प्रश्नावर असं भाषण केलं की दोन्ही बुटके रडले. उपसमित्या सतरा झाल्या. उपसमित्यांची पुनर्रचना करायला अठरावी नेमली, तेव्हा मोकाशीसाहेब म्हणाले, "नोकरीत असताना हे भाग्य नव्हतं." आत धूमकंठ ताटकळत होता. अधूनमधून तो बाहेर डोकं काढायचा, आग ओकायचा आणि आम्ही त्याला सभा चालू असल्याचं सांगायचो.

चेतना न घेतलेली एकटी प्रणिता होती. तिला कशाला लागणार? तिचे अठ्ठ्याऐंशी घरचे होते. सभेत ती थोडा वेळ बसायची, मग उठून डोंगराच्या उतारावर एकटीच किरकोळ राक्षस मारत फिरायची. परत आली की मला विचारायची, "झालं का तुमचं?" मी म्हणायची, "एकच विषय उरलाय." तो विषय कधी संपला नाही. तिला टाळायचं असं माझ्या मनात नव्हतं. पण ज्या मैत्रिणीसाठी मी डोक्यात लहरी सोडून घेतल्या तिच्याशी दोन महिन्यांत मी दहा वाक्यं धड बोलले नव्हते, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग एका बुधवारी ती उठली, ढाल उचलली आणि कोणाला काही न सांगता गुहेत शिरली.

धूमकंठाला मारायला किमान वीस जण लागतात. आतून आवाज आला, "ऋजुता, वीज टाक!"

मी उठले. खरंच उठले होते. तेवढ्यात मोकाशीसाहेबांनी हातोडा आपटला. "सदस्य क्रमांक सहा विषयपत्रिकेबाहेरच्या लढाईत उतरल्या आहेत. त्यांना साहाय्य करणेबाबतचा विषय आयत्या वेळी घ्यावा का, यावर आधी मत घ्यावं लागेल." आणि माझ्या पोटात ती फुलपाखरं उडाली. आयत्या वेळचा विषय. दोन महिन्यांत असा योग आला नव्हता. मी खाली बसले आणि लिहू लागले. बुटक्यांपैकी एकानं उपसूचना मांडली, की 'साहाय्य'ऐवजी 'शक्य ते साहाय्य' असं म्हणावं. दुसऱ्यानं तिला विरोध केला. आतून पुन्हा माझं नाव ऐकू आलं. मतदान झालं, उपसूचना बावीस विरुद्ध चार मतांनी संमत झाली, आणि ठराव सुधारित स्वरूपात वाचायला घेतला तेव्हा आतला आवाज बंद झाला होता.

कालद्वीपात मेलं की माणूस वेशीवर पुन्हा जन्मतो, पण हातातलं हत्यार जातं. मी वेशीवर पोचले तेव्हा प्रणिता दगडावर बसली होती. ढाल नव्हती. ती तिनं नऊ वर्षं एकेक पत्रा जोडून घडवली होती.

"तुह्या डोक्यावर चौऱ्याण्णव हाये," ती म्हणाली. "मी आत मरून राह्यली होती अन् तू लिहून राह्यली होती. मले एक सांग, हे चौऱ्याण्णव कायचे?"

मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून कंटाळा वाढत चालला होता, हे. तिच्यासाठी चेतना घेतली, हे. बारा मिनिटांचा घोळ.

"म्हणजे त्या दिवशी मी ढाल वाजवली, ती यादीसाठी," ती म्हणाली.

"हो."

"शाळेत पोट्टे मान हलवतात ना, समजलं समजलं म्हणून, अन् वहीत पाहा तर काहीच नाही. मले त्याचा जेवढा राग येते तेवढा चुकलेल्या गणिताचा नाही येत." ती उठली. "कंटाळा आला तर सांगाचं होतं. मी काय मारलं असतं तुले?"

आणि ती खेळातून बाहेर गेली. मला रडू आलं. पट्टी काढून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. श्रीरंगनं चहा टाकला.

चेतना बंद केली की तिचा जोर आठदहा दिवसांत ओसरतो. मी दोन आठवडे दांडी मारली आणि तिसऱ्या रविवारी चारला खेळात शिरले तेव्हा डोक्यावर नऊ होते. प्रणिता आली होती, नव्या साध्या लाकडी ढालीसह, लांब कोपऱ्यात उभी. मी इतिवृत्त वाचलं आणि त्यालाच जोडून माझा कबुलीजबाबही वाचला. तुमचे सगळ्यांचे आकडे राक्षसाचे नाहीत, सभेचे आहेत. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. म्हणून मी राजीनामा देते.

कोणी चिडलं नाही. उलट सगळ्यांचे डोळे लकाकले. कबुलीजबाबासह राजीनामा हा विषय आमच्यापुढे कधी आलाच नव्हता. आठ जणांनी बोलण्यासाठी हात वर केले. अर्धा लांडगा म्हणाला, यावर चौकशी समिती हवी, आणि निमंत्रक चिटणीसबाईच असाव्यात.

"साहेब," मी म्हटलं, "कलम अकरा. राजीनाम्याला एक अनुमोदक मिळाला तर तो चर्चेविना मंजूर होतो. तुमच्याच हातचं कलम आहे."

मोकाशीसाहेब पेचात पडले. मी जावं असं त्यांना वाटत नव्हतं, पण कलम निघालं की त्यांचा इलाज नसे, आणि चेतनानंतर तर मुळीच नाही. "अनुमोदक?" त्यांनी जड आवाजात विचारलं.

वर गेलेले हात नि पंजे झटकन खाली आले. सगळे जमिनीकडे बघू लागले. मी कोणाकडे बघितलं नाही. बघण्यासारखी एकच होती आणि तिच्याकडे मागायला मला तोंड नव्हतं.

"माझं अनुमोदन," प्रणिता म्हणाली.

"सदस्य क्रमांक सहा, आपण विचार केला आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"केला. नऊ आकडा घेऊन कोणी आपल्यासाठी येऊन बसावं, हे मले नाही पाहवत. जाऊ द्या तिले."

हातोडा पडला. चौदा वर्षांनी माझा राजीनामा मंजूर झाला आणि साहेबांनी आभाराचा ठराव मांडायच्या आत मी पट्टी काढली. तिनं मला सोडवलं की सोडून दिलं, ते मला कळलं नाही. विचारायलाही जागा उरली नव्हती.

पुढे मंडळाचं चांगलंच झालं. मोकाशीसाहेबांनी चेतना सोडली नाही. आता ते लोक इतर टोळ्यांचे तंटे सोडवतात, आणि त्यांच्या गुहेबाहेर रांग असते. माझं मात्र बुधवार आणि रविवार आले की काय करावं ते सुचेना. पहिल्या रविवारी मी दुकानातल्या सगळ्या फ्रेमा पुसल्या. दुसऱ्या रविवारी श्रीरंग म्हणाला, फोन कर तिला. मी म्हटलं, तीन मिनिटांत संपेल.

त्याच दिवशी साडेचारला फोन वाजला.

"मी खेळून राह्यली हाये," प्रणिता म्हणाली. मागे राक्षसांचा आरडाओरडा चालू होता. "नवी टोळी हाये, पोट्ट्यांची. बरी हाये. पण मारता मारता बोलाले कोणी नाही. फोन पट्टीले जोडला. तू बोल, मी मारते."

"काय बोलू?"

"काहीही. दुकानात काय झालं ते सांग."

दुकानातलं काय सांगायचं? पण सुरुवात केली. पावस गावाहून एक आजोबा दरवर्षी नंबर तपासायला येतात. गेल्या वीस वर्षांत त्यांचा नंबर वाढला नाही, याचा त्यांना मोठा अभिमान. काल मी सहज पडद्यावरची अक्षरं बदलली. आजोबा ऐटीत बसले, एक डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात वाचू लागले...

फोनमधून ढालीवर आपटणाऱ्या गदांचे आवाज येत होते. प्रणिता हसत होती, मध्येच "इकडून, इकडून" असं कोणाला तरी सांगत होती. मी आजोबांचा आवाज काढून दाखवला. मग एक मोठा धप्पकन आवाज झाला आणि पलीकडे एकदम शांत झालं.

"प्रणिता? काय झालं?"

"काही नाही, मेली मी," ती म्हणाली. "पट्टी काढून ठेवली. तू सांग ना, मंग काय वाचलं आजोबानं?"